एकेचाळीस दाखले

एकेचाळीस दाखले जमले म्हटल्यावर आकारामतात्यांनी रविवारी दुपारी दुसऱ्यांदा दाढी केली. दुपारी दाढी करायचं कारण काय, असं विचाराल तर काही नाही! सांगलीला जायचं होतं ते सोमवारी सकाळी. पण माणूस खुशीत आला की त्याला काहीतरी करावंसं वाटतं, आणि तात्यांना हसणं कधी फारसं जमलंच नाही.

खुशीला कारण होतं. गेल्या साली संस्थान गेलं, राजाच्या जागी मुंबईचं सरकार आलं आणि सरकारामागोमाग कायदे आले. त्यातला एक थेट तात्यांच्या पडवीत येऊन बसला. रोग्यावर इलाज करायचा तर म्हणे यादीत नाव पाहिजे. दहा वर्षं औषधपाणी करत असल्याचा पुरावा द्या, साताऱ्याहून येणाऱ्या साहेबापुढं उभे राहा, त्याला पटलं तर नाव लागेल. नाही लागलं तर पडवीला कुलूप, आणि त्यावरही कुणाला हात लावलात तर खटला. तीस वर्षं माणसं बरी करणाऱ्या माणसानं आता पुरावा द्यायचा! तात्या आठ दिवस जेवले नव्हते धड. मग ज्ञानू मास्तर शाळेच्या कट्ट्यावर दौत घेऊन बसला, बरी झालेली माणसं एकेक करून आली, सांगत गेली, आणि कागदाखाली आंगठे उठत गेले.

तात्यांचा इलाज म्हणजे माती आणि पाणी. तरणेपणी ते पाचगणीला एका पारशी म्हाताऱ्याच्या बंगल्यावर माळी होते. पोटाच्या दुखण्यानं खंगलेला तो म्हातारा जस्ताच्या टबात गार पाण्यात बसून आणि पोटावर मातीच्या पट्ट्या बांधून उठला. गाव सोडताना त्यानं टब माळ्याला देऊन टाकला. डोक्यावर टब घेऊन घाट उतरलेला माळी गावात शिरला तो वैद्य होऊनच. पहाटे कृष्णेकाठची काळी माती आणायची, वस्त्रगाळ करायची, भिजवायची. टबात बसवायचं, पट्टी बांधायची, लिंबाच्या पाण्यावर ठेवायचं. औषध नाही म्हणजे नाही. तुळशीचा काढासुद्धा नाही.

आणि बाईमाणसाच्या अंगाला तात्या हात लावत नसत. बायकापोरांच्या पट्ट्या बदलायला त्यांच्या घरी जाई ती तात्यांची बायको, अंबूबाई. लढाईवरून आल्यापासून बाप्यांच्या पट्ट्या त्यांचा पोरगा लालासाहेब बदलायचा. तात्यांनी सांगायचं, त्या दोघांनी करायचं, अशी घराची रीत पडून गेली होती.

"वाच गं," तात्या अंजनाला म्हणाले. "समदं वाच. सायबानं इच्यारलं तर मला ठावं पायजे."

थोरली लेक अंजना सासरहून, म्हसवडहून, मुद्दाम आली होती. चार बुकं शिकलेली, बापाची लाडकी, आणि घरात भांडण झालं की डोळे मिटून बापाच्या बाजूला उभी राहणारी. तिनं गठ्ठा मांडीवर घेतला, एकदा आईकडं बघितलं आणि वाचायला लागली.

"मी जोतीराम, राहणार इथंच. मला हिवताप आला. तात्यांनी टबात बसवलं, पोटाला माती बांधली." इथं ती थांबली. "बरा झालो. खाली आंगठा."

"फुडं."

"मी धुळा. मेंढरं राखतो. मला हगवण लागली. तात्यांनी माती बांधली. बरा झालो. आंगठा."

पाच झाले, सहा झाले. पडवीच्या खांबाला टेकून तात्या ऐकत होते. अंबूबाई पट्ट्यांच्या जुन्या धोतराच्या घड्या घालत होती, लालासाहेब दारात उभा होता, आणि शेवटचा आंगठा उमटवून दाखला घेऊन आलेला रहिमान पिंजारी पाय पोटाशी घेऊन कौतुकानं मान हलवत होता. तात्यांना वाचता येत नव्हतं. पण ज्याला वाचता येत नाही तो कागदाकडं कमी आणि वाचणाऱ्याच्या तोंडाकडं जास्त बघतो. कागद भरून अक्षर, आणि अंजनाचं वाचन दोन वाक्यांत संपायचं. दर वेळी एकाच ठिकाणी ती थांबायची.

"निम्मा कागुद खातीयास की गं," तात्या म्हणाले.

"नावगाव असतंय त्यात, तात्या. वय, धंदा, आनि काय काय."

"असूं दे. ते बी वाच."

अंजना वाचेना. तात्यांनी मान वळवली. "रहिमान, तू तुजाच सांग रं. काय लिवून घेतलंस मास्तराकडनं?"

रहिमान सरसावून बसला. मग त्याला काहीतरी आठवलं. "म्हंजी आता बोललं तर चालंल? तसं कागदावर आलंच हाय म्हना."

"बोलायला काय झालं?"

"न्हाई, वैनींनी सांगितलं हुतं, औशदाचं तात्यांफुडं कवा बोलायचं न्हाई, गुण जातोय. तीन वर्सं जीब चावून बसलोय, आल्लाशपथ! घरवाली परवीनला बी बोलू दिलं न्हाई."

अंबूबाईनं घडी घालायची थांबवली.

"कसलं औशद?" तात्यांनी विचारलं.

"आवं, ती पांढरी गोळी! तुमी धाडलेली!" रहिमानचा चेहरा फुलला होता. बोलायची परवानगी मिळाली, आता काय! "आमच्या झुबेदाची छाती भरली हुती, व्हट निळं पडल्यालं. वैनी पट्टी बदलाया येत हुत्या तवा पदराखालनं गोळी आनायच्या. फोडून, पान्यात कालवून, दिसाला चार डाव. रातीच्याला बी आल्या दोनदा. तिसऱ्या दिशी पोरगी भाकरी मागाया लागली. म्या मास्तरला म्हनलं, लिव्ह गड्या, मातीनं ताप उतरला, पर जीव गोळीनं वाचिवला, आन् गोळी तात्यांची! चांगलं ठासून लिव्ह, म्हनलं. सायबाला वाटाय नगं, आमचा तात्या नुसता चिकलवाला हाय."

बिचारा रहिमान! चांगुलपणा करायला आला होता तो. तात्यांपुढं बोलायचं नाही एवढंच साऱ्या गावाला सांगितलं होतं. सरकारपुढं लिहायचं नाही असं कोण कुठं म्हणालं होतं?

"अंजना," तात्या म्हणाले. "एकेचाळीसातल्या किती कागदांवर गोळी हाय?"

"तात्या, असूं द्या की."

"किती?"

"सदतीस."

"आन् ऱ्हायलेलं चार?"

"त्या चौघास्नी सुई टोचलीया," अंजना म्हणाली आणि रडायला लागली.

रहिमानला काही उमगेना. एकेकाच्या तोंडाकडं बघत तो उठला. "वैनी, माजं काय चुकलं का?" त्यानं वहाणा हातात घेतल्या आणि अनवाणीच बाहेर पडला.

तो गेल्यावर लालासाहेब पुढं आला. लढाईत चार वर्षं तो लष्कराच्या दवाखान्यात होता. पट्ट्या बांधणं, सुया देणं, सायबांच्या हाताखाली सगळं शिकून आला आणि येताना औषधांची काळी ट्रंक घेऊन आला. ट्रंकेतली चीज पडवीत आली तर तुला बाहेर काढीन, असं तात्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तो बरं म्हणाला होता. इतक्या लवकर बरं म्हणाला, तेव्हाच तात्यांनी ओळखायला हवं होतं.

"म्या दिलं, तात्या," तो म्हणाला. "आईला काय बोलू नगासा."

"खोटं कशाला बोलतुयास?" अंबूबाई घडी बाजूला ठेवून म्हणाली. "हिवतापाच्या गोळ्या, सुया, तुज्या. पर पैली गोळी माजी. आवं, हिकडं बगा. लालाला आदी इच्यारलं बी न्हवतं. ट्रंकंचं कुलूप म्या काढलं, आन् गोळी हातात घिऊन त्येला इच्यारलं, छाती भरल्यावर हीच देत्यात न्हवं?"

"मला का इच्यारलं न्हाईस?"

"इच्यारलं हुतं की." बाईचा आवाज चढला नाही. "आक्रा वर्सांमागं इच्यारलं हुतं. यमूची छाती भरली तवा. म्हनलं, आजची नाव सुटायच्या आत मिरजंच्या दवाखान्यात न्हेऊया. तुमी म्हनलासा, उद्याच्याला उतरंल. दुसऱ्या दिशी पुन्ना इच्यारलं. तुमी म्हनलासा, माती काम करतीया, मदी हात घालू नगं. तिसऱ्या दिशी इच्यारायचं कारनच ऱ्हायलं न्हाई. झुबेदाची पट्टी बदलाया गेले आन् तेच निळं व्हट बगितलं. पुन्ना तुमाला इच्यारत बसू व्हय मी?"

यमूचं नाव या घरात अकरा वर्षांत कुणी मोठ्यानं काढलं नव्हतं. सात वर्षांची होती. तिची वेळ भरली होती, असं तात्यांनी स्वतःला सांगितलं होतं, आणि बायकोलाही तेच पटलं असं ते धरून चालले होते. कारण ती काही बोलली नव्हती. न बोलणारं माणूस आपल्या बाजूचं असतं, असं समजून किती बापे जन्म काढतात!

"ह्या तीन वर्सांत," तात्या म्हणाले, "नुसत्या मातीनं येक तरी उठलं का रं, लाला?"

लालासाहेब खोटं बोलू शकला असता. "उठली असतील. मातीनं ताप उतरतोय, ते म्या बगितलंय. पर तात्या, अवघड दुखनं असलं तर म्या वाट बगितली न्हाई."

झुबेदा उठली त्या वर्षी जत्रेत गावानं तात्यांना फेटा बांधला होता. ढोल लावले होते. तात्यांनी त्या दिवशी भाषणसुद्धा केलं, औषधाच्या नादाला लागू नका म्हणून. समोर बसलेल्यांच्या कितीतरी घरांत गोळी गेली होती. गुण जाऊ नये म्हणून तात्या गोळीचं झाकून ठेवतात, असंच समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. साऱ्या गावात एकट्या तात्यांनाच ठाऊक नव्हतं की तात्या औषध देतात. लाज वाटली, राग आला, पण त्याहून जास्त एकटं वाटलं. घरात चार माणसं होती आणि आपण मधल्या मधे पाहुणे होतो, असं वाटलं.

"दाखलं जाळा," ते म्हणाले. "म्या उद्याच्याला जात न्हाई."

"मग आईक," लालासाहेब म्हणाला. बापाला एकेरी बोललो हे त्याला कळलं, पण तो थांबला नाही. "माजं नाव यादीत लागनार न्हाई. दहा वर्सं पायजेत, माजी लष्करातली चारच भरत्यात. तुमचं लागलं तर तुमच्या नावावर गोळी देता येती. न्हाई लागलं तर म्या कुनैनची येक गोळी दिली तरी बेडी. म्हैन्याभरात नदीला पानी चढंल, नाव बंद. चार म्हैनं पल्याड जाता येनार न्हाई. त्या चार म्हैन्यांत कुनाची पोर निळी पडली तर तिच्या आईला काय सांगायचं? कायदा हाय म्हनून सांगू?"

"तात्यांस्नी खोटं बोलाया लावू नगंस," अंजना म्हणाली. "तीस वर्सं त्यांनी..."

"आन् तू कागुद वाचताना काय करत हुतीस?" अंबूबाईनं विचारलं.

अंजनानं गठ्ठा मांडीवरून खाली ठेवला. तात्या तिच्याकडं बघत होते. आयुष्यभर त्यांची बाजू घेणारी लेक आज त्यांच्यापासून लपवण्यात सगळ्यांत पुढं होती, आणि तेही त्यांच्यावरच्या मायेनं! ते उठले आणि नदीकडं चालू लागले.

काठावर ते बराच वेळ बसले. माती जिथून उचलायचे तिथंच. रागानं बसले होते म्हणावं तर राग केव्हाच ओसरला होता. यमू तिसऱ्या दिवशी म्हणाली होती, तात्या, गार लागतंय, पट्टी काढा की. त्यांनी काढली नव्हती. हे अंबूबाईलाही ठाऊक नव्हतं, ती तेव्हा चुलीपाशी होती. हे त्यांचं एकट्याचं होतं आणि कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

दिवे लागायच्या आत ते परत आले, पडवीच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "लाला, त्या गोळीचं नाव काय?"

लालासाहेबानं सांगितलं. जिभेला वळेना असलं नाव. तात्यांनी म्हणून बघितलं, चुकलं, पुन्हा म्हटलं. मोठ्या माणसाला किती, पोराला किती, अंगावर पिणाऱ्या पोराला द्यायची की नाही, पाणी किती पाजायचं, लघवी कमी झाली तर काय करायचं. लालासाहेब सांगत गेला आणि साठी उलटलेला त्याचा बाप त्याच्यामागून घोकत गेला. घोकताना तात्यांना एक गोष्ट कळली. पोरगा चांगलं शिकवत होता. चिडत नव्हता, घाई करत नव्हता. लष्करातल्या त्याच्या सायबांनी त्याला असंच शिकवलं असेल. आपण त्याला मातीशिवाय काही शिकवलं नाही, आणि तीसुद्धा रागवून.

सोमवारी सकाळी नावेत तात्या, लालासाहेब आणि दाखल्यांचा गठ्ठा. नाव सुटता सुटता अंबूबाई लुगडं सावरत येऊन बसली. "तू कशाला?" तात्यांनी विचारलं. "येतीया," एवढंच ती म्हणाली.

जुन्या कचेरीच्या मोठ्या खोलीत साहेब बसला होता. चष्मा लावलेला, पिकल्या केसांचा, स्वतः डॉक्टर. आधीचे दोघे वैद्य तोंड पाडून बाहेर आले. लालासाहेबाला शिपायानं बाहेरच ठेवलं, अंबूबाई मात्र दारातून आत सरकली आणि भिंतीला लागून उभी राहिली.

साहेबानं पाच-सात दाखले वाचले. मग वर बघितलं.

"प्रत्येक कागदावर गोळीच्या आधी माती, पाणी, टब. हे काय आहे?"

"माजा इलाज हाय, सायेब."

"याला या यादीत जागा नाही. नुसती माती बांधत असाल तर घरी जा, माझा-तुमचा संबंध नाही. पण मग औषधाला हात लावायचा नाही, तुम्हीही नाही आणि तुमच्या घरातल्या कुणीही नाही. औषध देत असाल तर तसं तुमच्या तोंडानं सांगा. तुम्ही औषध देता का?"

तीस वर्षं ज्या प्रश्नाला छाती पुढं काढून नाही म्हटलं, तो प्रश्न समोर आला होता.

"देतो," तात्या म्हणाले.

"कोणतं?"

तात्यांनी नाव सांगितलं. एकदा अडखळले, पण सांगितलं. मोठ्याला किती, पोराला किती, पाणी किती, सगळं सांगितलं. साहेबानं भुवई उचलली आणि लिहून घेतलं.

"माती-पाण्यानं दुखणं बरं होतं, असं तुम्ही मानता?"

"बारकं हुतंय. मोठं न्हाई हुत."

"किती वर्षं औषध देताय?"

"आक्रा."

"पहिल्यांदा कुणाला दिलंत?"

हे लालासाहेबानं पढवलं नव्हतं. धुळ्याचं नाव घेता आलं असतं, जोतीरामाचं घेता आलं असतं. तात्यांच्या तोंडून ते निघालं नाही.

"माज्या लेकीला," ते म्हणाले. "यमुना तिचं नाव. सात वर्सांची हुती. छाती भरली, व्हट निळं पडलं. तिची आई म्हनली, कायतरी करा. म्या मातीची पट्टी काढून टाकली आन् गोळी दिली."

साहेबाचं लिहिणं थांबलं. ही गोळी अकरा वर्षांपूर्वी कृष्णेकाठच्या खेड्यात कुठून येणार, हे त्याच्यासारख्या माणसाला कळत नव्हतं अशातला भाग नाही. त्यानं चष्मा काढला, तात्यांकडं बघितलं, मग भिंतीशी उभ्या असलेल्या बाईकडं बघितलं. तिनं पदर तोंडात कोंबला होता.

"मुलगी बरी झाली?" त्यानं विचारलं. आवाज जरा उतरला होता.

"झाली, सायेब. तिसऱ्या दिशी भाकरी मागाया लागली."

"आता कुठं असते?"

"दिलीया औंधाकडं. गेल्या साली पोरगा झाला तिला."

साहेबानं चष्मा परत लावला, कागदावर सही केली आणि शिक्का मारून कागद पुढं सरकवला. "पुढचा," तो शिपायाला म्हणाला.

बाहेर लालासाहेब वाटच बघत होता. त्यानं शिक्का बघितला, कागद दोनदा वाचला आणि बापाच्या पाया पडला. पोरगं कधी नव्हे ते घळाघळा रडलं. मिरजेहून गोळ्या आणायच्या, नाव बंद व्हायच्या आत दोन खेपा तरी करायच्या, असं काहीबाही बोलत तो झपाझपा पुढं निघाला.

तात्या आणि अंबूबाई मागं राहिले. भर उन्हात घाटापर्यंतचा रस्ता दोघं चालत होते, ती नेहमीसारखी चार पावलं मागं. मग ती पुढं येऊन त्यांच्या बरोबरीनं चालायला लागली. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, पण भर रस्त्यात ती अशी कधी चालली नव्हती.

"आवं," ती म्हणाली.

"काय?"

"पोराचं नाव काय ठेवलं यमूनं?"

तात्या थांबले. खरोखरीच विचार करायला लागले. पारावर बसलेली माणसं बघत होती, पण त्यांना भान नव्हतं. त्यांचे ओठ हलले, पण नाव काही येईना.

"सुचंना गं मला," ते म्हणाले. "तूच सांग."